लेबलवर कुणाचं नाव

"हॅलो, आरवाडे सर आहेत का? द्या त्यांना. नाही, थांब, तूच ऐक आधी. मी आत्ता शिडीवर आहे. एका हातात लाइटची माळ, एका हातात फोन. खाली नवरदेवाची आई उभी आहे, हळद खोळंबली आहे. आणि तासगावचा एक माणूस मला शिव्या देतोय की माझे बेदाणे तापले. तुझे बेदाणे तापले त्याला मी काय करू?"

मी म्हणलं, "कोण बोलताय?"

"धनंजय लोंढे."

हे नाव मी रोज बघत होतो. माणूस कधी बघितला नव्हता.

मी फोन स्पीकरवर टाकून सरांच्या टेबलावर ठेवला. सर खूश झाले. "अरे धनंजय! घरची मंडळी बरी ना?"

"सर, शिडीवर आहे मी!"

"बरं बरं. बोल."

"तुमचं काम सोडून किती वर्षं झाली मला? मंडपाचा धंदा आहे माझा. त्या कोल्ड स्टोरेजच्या स्क्रीनवर लाल अक्षरात येतंय, संपर्क धनंजय लोंढे, खाली माझा नंबर. आज हा, मागच्या महिन्यात कवठ्याचा. माझं नाव काढा तिथलं. नाहीतर पुढचा फोन आला की मी सांगणार, बेदाणे गरम झाले असतील तर खीर करा."

फोन बंद.

ही सात-आठ वर्षांमागची गोष्ट. सांगलीत विश्रामबागेत, टायरच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. आम्ही कोल्ड स्टोरेजची सॉफ्टवेअरं करायचो. आमच्या भागात बेदाणा भरपूर, तो थंडीत ठेवावा लागतो. खोलीतलं तापमान वाढलं की सेन्सर कळवतो, भोंगा वाजतो, मॅनेजरला फोन जातो. हे सगळं जो भाग सांभाळायचा त्याचं नाव आम्ही पारा ठेवलं होतं. पारा मल्लूनं केला, असं सगळ्यांना माहीत होतं. मल्लिकार्जुन कोरे, माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा. त्या दिवशी तो ऑफिसात नव्हता. सरांनी कळवल्यावर तो बाहेरनंच तासगावला, भोंगा का वाजला नाही ते बघायला, गाडीवरनं गेला. एक वायर निघाली होती. त्यानं लावली, बेदाणे वाचले.

सर मला म्हणाले, "पारा मल्लूचा. मग त्यावर धनंजयचं नाव कसं?"

मी म्हणलं, "सर, सगळ्यांवरच त्याचं नाव आहे."

सरांना कळेना. मग मी दाखवलं.

प्रत्येक प्रोजेक्टात एक बिल्डची फाइल असते. प्रोग्राम कसा जुळवायचा ते तिच्यात लिहिलेलं असतं. कुठले तयार पार्ट घ्यायचे, कुठून घ्यायचे, सगळं तयार झालं की वर लेबल काय लावायचं आणि कपाटात कुठं ठेवायचं. कपाट म्हणजे ऑफिसचा सर्व्हर. एकानं केलेला पार्ट तिथं ठेवला की बाकीच्यांनी उचलून वापरायचा. ठेवण्याला पब्लिश म्हणतात. लेबलवर पार्टचं नाव, कितव्यांदा सुधारलाय त्याचा आकडा आणि कुणी केला त्याचं नाव-नंबर. पार्ट बिघडला की तेच लेबल गिऱ्हाइकाला स्क्रीनवर दिसतं.

आता पहिली फाइल लिहिली धनंजयनं. नंतर नवीन प्रोजेक्ट आला की कुणी नव्यानं लिहायचं नाही. मागची उचलायची, वरचं नाव बदलायचं, चालली की तिला हात लावायचा नाही. भीती वाटायची. फाइल लांबलचक, आणि कुठली ओळ कशाला आहे ते कुणालाच ठाऊक नाही. एका फाइलीत तर मधेच लिहिलं होतं, "ही ओळ काढू नका, का ते माहीत नाही." ती सूचनासुद्धा पुढच्या सगळ्या फाइलींत कॉपी झाली होती. आणि धनंजयचं नाव, नंबर. तो गेला, मंडप टाकले, लग्न झालं, आणि इकडं त्याच्या नावावर नवेनवे पार्ट निघतच होते.

सर म्हणाले, "एक फाइल कर. सगळ्यांची मिळून एकच. हे कॉपीचं बंद."

"मी?"

"तुला कॉलेजनं काही शिकवलेलं नाही. तुला भीती नसेल."

हे खरं होतं का माहीत नाही. मी मिरजेत मामाच्या मोबाईल दुकानात बसून, यूट्यूब बघून शिकलेला. डिग्री नाही. भीती होतीच, पण ती मी कुणाला दाखवत नव्हतो.

कामाला लागलो. सगळ्या फाइली शेजारी-शेजारी उघडायच्या, सारखं ते एकीकडं, वेगळं ते एकीकडं. वेगळं फार कमी निघालं. सारखं असलेलं सगळं एका सामाईक फाइलीत टाकलं आणि प्रत्येक प्रोजेक्टात फक्त चार गोष्टी ठेवल्या. नाव काय, आकडा काय, कुठले पार्ट लागतात, आणि कुणी केलं. धनंजयचा प्रकार परत नको म्हणून चौथी सक्तीची केली. नाव-नंबर रिकामा असेल तर पब्लिश होणारच नाही. सरांना हे फार आवडलं. दोनदा येऊन बघून गेले.

एकाच फाइलीत अडलं. मल्लूच्या. त्यात एक भाग होता जो दुसऱ्या कुठंच नव्हता. त्याला नाव दिलं होतं, डबा. तो चालवला की पाराला लागणारे सगळे पार्ट कपाटातनं काढून पेनड्राइव्हवर भरायचा. उलटा चालवला की पेनड्राइव्हवरचं परत कपाटात ठेवायचा.

"मल्लू, हे डबा काय आहे?"

"असू दे ते."

"असू दे कसं? सर म्हणालेत एकच फाइल."

त्यानं इकडं-तिकडं बघितलं. "चल. डबा द्यायला जायचंय मला."

आमच्याकडं गावाकडनं शिकायला आलेल्या पोरांचे डबे एसटीनं येतात. आई सकाळी करते, फाट्यावर ड्रायव्हरकडं देते, दुपारी स्टँडवर पोरगं घेतं, रिकामा डबा परतीच्या गाडीला जातो. मल्लूचं गाव जत रोडला, फाट्यावरनं आत. तो नोकरीला लागला तरी डबा काही सुटला नव्हता. ऑफिसात त्यावरनं लै चिडवायचे. मी चिडवायचो नाही, कारण निम्मा मीच खायचो. नवीन होतो तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यानं न विचारता भाकरी माझ्यापुढं सरकवली होती, ती सवय पडली.

स्टँडवर गाडी लागली होती. मल्लूनं रिकामा डबा उघडला. आत लोणच्याची छोटी डबी. त्यानं खिशातनं पेनड्राइव्ह काढला, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला, डबीत ठेवला, झाकण घट्ट लावलं. डबा ड्रायव्हरकडं दिला. ड्रायव्हर म्हणाला, "काय मल्लू, आज कमी जेवलास का? हलतंय काहीतरी आत."

"लोणचं राहिलंय, काका."

गाडी गेली. आम्ही कँटीनला बसलो. मल्लूनं चहाला हात लावला नाही.

"पारा मी केलेला नाही."

"मग?"

"अक्कानं."

अक्का म्हणजे त्याची मोठी बहीण, महानंदा. कॉम्प्युटरची एमएस्सी. पुण्यात नोकरीला होती. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, आईला एकटीला उचलवेना, म्हणून ती परत आली. मल्लूचा हात वायरिंगला, मशीनला चांगला. पण आरवाडे सरांनी इंटरव्ह्यूला एक प्रोग्राम घरी करून आणायला दिला, तो अक्कानं करून दिला. एकदाच, असं ठरलं होतं. मग दुसरा दिला. मग ते चालूच झालं. गावात नेट असं नव्हतंच, फोनपुरती रेंज अंगणात. म्हणून डबा. मल्लू इकडचे पार्ट भरून पाठवायचा, ती तिकडं जुळवून, लिहून, तपासून परत. आजच्या पेनड्राइव्हवर माझी नवी फाइलही गेली होती.

"सरांना?"

"सांगितलंस तर मेलो. पाडव्याला मला हेड करणार आहेत. कोल्ड स्टोरेजचं सगळं काम माझ्याकडं. आणि जतला एक स्थळ आलंय. मुलीचे वडील बेदाण्याचे व्यापारी. त्यांच्या स्टोरेजला आपलाच पारा आहे. बैठकीत मामानं सांगितलं, हे ह्यानं केलंय. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी काय बोलू तिथं?"

"अक्का काय म्हणते?"

"ती कुठं काय म्हणते." मग म्हणाला, "तौफ्या, आजवर लेबलवर धनंजय होता. कुणी विचारलं नाही. आता तू सक्तीचं केलंयस. मला तिथं काहीतरी लिहावं लागणार. माझं लिहिलं तर अक्का फाइल उघडल्याबरोबर बघणार. तिचं लिहिलं तर सर बघणार. ते सक्तीचं काढ. रिकामं सोडता येऊ दे. एक शब्द बदलायचाय तुला."

खरंच एकच शब्द होता. परत येऊन मी तो बदलला. मित्र होता, आणि माझं काय जात होतं त्यात? डबाचा भागही सामाईक फाइलीत नीट बसवला आणि दुसऱ्या दिवशी सगळं नवीन पेनड्राइव्हवर भरून अक्काकडं पाठवलं. तिच्याकडं चालतंय का ते बघायला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी शेंगाची चटणी, भाकरी आणि पेनड्राइव्ह आला. माझी फाइल परत आली होती, आणि निम्मी झाली होती. मी दोनदा-दोनदा लिहिलेलं तिनं एकदा लिहिलं होतं. मला राग यायला पाहिजे होता. आला नाही, मी नुसता बघत बसलो, इतकं सोपं झालं होतं. सगळ्यात वर तिनं लिहिलं होतं:

"परवाच्या फाइलीत नाव सक्तीचं होतं. कालच्या नाही. कुणी काढलं? कारण लिहिलेलं नाही. मुल्लानं उत्तर द्यावं."

मी उत्तर टाइप केलं. पुसलं. परत टाइप केलं. शेवटी मल्लूला म्हणलं, "रविवारी तुझ्या गावाला येतो."

"तू कशाला?"

"माझं नाव घेऊन विचारलंय."

रविवारी गेलो. फाट्यावर उतरून बरंच चालावं लागलं. दोन खोल्यांचं घर, पुढं अंगण. बाहेरच्या खोलीत खाटेवर वडील, एका कुशीवर, मागं उशीचा टेकू. शिलाई मशीनच्या फळीवर लॅपटॉप. ती वडिलांना चमच्यानं पेज भरवत होती. आमच्याकडं न बघता म्हणाली, "तू मुल्ला?"

"हो. तौफिक."

"तुझ्या नावानं दोन भाकरी जास्त टाकते मी. हा म्हणतो मित्र खातो. मला वाटायचं हाच खातो आणि नाव तुझं सांगतो."

मल्लू म्हणाला, "अक्का, बस की आता."

"बसते. बाबांचं होऊ दे."

तिनं वडिलांचं तोंड पुसलं, पाठीमागची उशी सारखी केली. मग मशीनच्या स्टुलावर बसली, लॅपटॉप माझ्याकडं वळवला.

"का काढलंस?"

मी मल्लूकडं बघितलं. मल्लू जमिनीकडं.

"मल्लू म्हणाला म्हणून."

"हा म्हणाला म्हणून काढलंस. उद्या दुसरा म्हणाला की घालशील. मग सोपं कुठं झालं? आधीसारखंच झालं, ज्याला जसं पाहिजे तसं."

मल्लू म्हणाला, "अक्का, तुला माहीत आहे का ते—"

"सगळं माहीत आहे. पाडव्याला हेड, जतची पोरगी. आई रोज ऐकवते मला. तुला कशाला पाहिजे नाव, तुझ्या भावाचंच आहे ना." तिनं आवाज खाली आणला, वडील डोळे मिटत होते. "तासगावच्या माणसानं फोन कुणाला केला?"

"धनंजयला."

"तो शिडीवर. उद्या तुझा नंबर टाकला, फोन तुला आला. काय करशील? पेनड्राइव्ह डब्यात घालशील. डबा इथं येणार, मी बघणार, उद्याच्या डब्यात परत. तोवर बेदाणा तुझी वाट बघत थंड राहणार आहे का?"

"त्या दिवशी वायर होती. मी जाऊन लावली की."

"लावलीस. वायरीतलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, मी कुठं नाही म्हणते? मला तर मीटर धरता येत नाही. पण ज्या दिवशी वायर नसेल त्या दिवशी?"

मल्लू अंगठ्यानं जमीन टोकरायला लागला.

"हे झालं बेदाण्याचं. माझं वेगळं आहे." तिनं लॅपटॉप मिटला. "मला पाहिजे ते नाव. खोटं कशाला बोलू? बाबांची कूस बदलायची आणि चार ओळी लिहायच्या. कपडे वाळत घालायचे आणि चार ओळी. असा झालाय तो पारा. पुण्यातल्या मैत्रिणी फोन करतात, काय करतेस गं हल्ली? मी म्हणते, घरी असते."

मल्लू एकदम म्हणाला, "मग इतके दिवस का बोलली नाहीस? इतके दिवस धनंजयचं नाव चाललं तुला!"

"चाललं. तो माझा कोण? चुकून लागलेलं नाव, त्याचं काय वाटणार? सगळ्यांच्याच डोक्यावर तो बसला होता." तिनं मल्लूकडं बघितलं, पहिल्यांदाच नीट. "तुझं दिसलं असतं तर वाटलं असतं."

वडील काहीतरी बोलले. मला कळलं नाही, तिला कळलं. "नाही बाबा, दुसरा चहा नाही. पाहुण्याला देते, तुम्हाला नाही."

जेवण झालं, मग आम्ही परत निघालो. मल्लू फाट्यापर्यंत माझ्यापुढं चालत राहिला. गाडीत बसलो. मिरजेच्या जवळ आल्यावर मी म्हणलं, "मी ते परत सक्तीचं करतोय. तिथं काय लिहायचं ते तुझं तू बघ."

"मित्र आहेस का कोण आहेस रे तू?"

"भाकरी कुणाच्या खाल्ल्या मी एवढे दिवस?"

तो खिडकीकडं तोंड करून बसला.

सोमवारी सकाळी मी तो शब्द जागेवर ठेवला. शेजारी कारण लिहिलं, बिघाड झाल्यावर ज्याला उत्तर येतं त्याचंच नाव. पहिला पार्ट नव्या फाइलीनं पब्लिश करायचा होता, आणि तो पाराच होता, कारण तासगावला धनंजयचं नाव काढलेला नवीन पारा द्यायचा होता. सर येऊन मागं उभे राहिले, हातात बडीशेप. बाकीचे दोघं-तिघंही खुर्च्या फिरवून बघायला लागले. मल्लूनं पब्लिश दिलं.

लाल ओळ आली. नाव-नंबर नाही. पुढं जाता येत नाही.

सर खूश. "बघ! अडवलं! हेच पाहिजे होतं मला. टाक की रे नाव, वाट कुणाची बघतोस?"

मल्लूनं म टाइप केला.

दोघांचीही नावं म नंच सुरू होतात. मी त्याच्या बोटांकडं बघत होतो. ती कीबोर्डवरच होती, हलत नव्हती. सर म्हणाले, "स्वतःचं नाव विसरलास का?" मागं कोणीतरी हसलं.

त्यानं ह टाइप केला. मग बाकीचं भराभर. महानंदा कोरे. खाली नंबर.

"ही कोण?"

"बहीण आहे सर माझी. मोठी. पारा तिनं केलाय."

"मदत केली म्हण."

"मदत नाही. केलाय. पहिल्यापासनं."

सरांनी बडीशेप चावायची थांबवली. शेजारची खुर्ची ओढून बसले.  मग म्हणाले, "काढ ते. आपल्याकडं कामाला नाही ती. तिचं नाव आपल्या मालावर कसं चालेल? कंपनीचं टाक. तौफिक, ते सक्तीचं बिक्तीचं काढून टाक. लांब काम आहे का?"

"नाही सर. एक शब्द आहे."

"मग काढ."

माझा हात माउसवर होता. मी म्हणलं, "काढतो. पण मग तासगावचा फोन कुणाला जाईल?"

"ह्याला जाईल. मल्लूला."

"मला आला तर मला सांगता येत नाही सर," मल्लू म्हणाला. हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "वायर असली तर येतं. सेन्सर असला तर येतं. आतलं मला येत नाही. मला ते कळत नाही."

आमच्या ऑफिसात असं कुणी बोलत नव्हतं. आम्ही सगळे इकडनं-तिकडनं शिकलेले. येत नसलं तरी येतं असं दाखवायचं आणि मग चोरून यूट्यूब बघायचं. मी तर सगळ्यात पुढं. तो बोलल्यावर पंखासुद्धा ऐकू यायला लागला.

सर म्हणाले, "पाडव्याला तुला हेड करणार होतो मी."

"माहीत आहे सर."

"आता कसं करू?"

"नका करू."

 सर चिडले होते. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यांनी खिशातनं फोन काढला, स्क्रीनवरचा नंबर एकेक आकडा बघत लावला, स्पीकर सुरू केला आणि टेबलावर ठेवला. मल्लू पुटपुटला, "अंगणात असेल तर लागेल."

दुसऱ्याच रिंगला उचलला.

"कोण?"

"मी आरवाडे बोलतोय. सांगलीहून."

"बोला."

"पारा तुम्ही केलाय म्हणे."

"हो."

"मला हे आज कळतंय."

"मलासुद्धा तुमचा फोन आजच येतोय."

मागं कुणालातरी खोकला आला. सरांनी फोनकडं असं बघितलं जसं त्यातनं कुणी बाहेर येणार आहे.

"इकडं येऊन काम करायला जमेल का?"

"नाही. वडील अंथरुणाला आहेत. इथनंच होईल. होतंच आहे."

"ते कसं?"

"तौफिकच्या फाइलीत आहे. डबा नावाचा भाग. तो तेवढा काढायला लावू नका त्याला."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, आहे म्हणून.

"आणि पगाराबिगाराचं—"

"आधी त्यांना पब्लिश करू द्या. तासगावचा माणूस खोळंबला असेल. मग बोलू."

सरांनी फोनवर हात ठेवला. मल्लूकडं बघून म्हणाले, "तुझ्यावर माझा राग आहे. तो राहणार आहे. कळलं?" मल्लू हो म्हणाला. "काय बघतोस मग? मार एंटर."

मल्लूनं एंटर मारला. ओळी पळाल्या, थांबल्या, परत पळाल्या. मग हिरवं आलं. पारा कपाटात ठेवला. कुणी केला: महानंदा कोरे.

सर उठले. फोन मल्लूच्या हातात दिला. "घे, बोल तिच्याशी. आणि फोन आणून दे मला लवकर," म्हणत केबिनमध्ये गेले.

मल्लूनं स्पीकर बंद केला आणि भिंतीकडं तोंड केलं. मला त्याचंच बोलणं ऐकू येत होतं.

"हां. झालं... हो, तुझंच... नाही गं, मोठ्या अक्षरात कसं येईल? सगळ्यांचं असतं तसंच, तेवढंच... हां, नंबर पण... नाही, हेडचं गेलं... जाऊ दे की. जतला मी स्वतः जाऊन सांगतो, मामाला नको मधे... नाही अक्का. रडत नाही. इथं एसी आहे ना, एसीनं होतं असं."

आमच्या ऑफिसात एसी नव्हता.